मुंबई बेटाचा भाडेपट्टेदार आणि घरात झाकलेला धर्म

१/
मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या भव्य पायऱ्या अनेकांनी पाहिल्या आहेत. त्या इमारतीच्या मागे नौदलाचे ‘आयएनएस आंग्रे’ हे ठाणे आहे. सुरक्षेमुळे सर्वसामान्यांना तेथे सहज प्रवेश मिळत नाही. सोळाव्या शतकात याच जागेवर समुद्राकडे तोंड करून एक पोर्तुगीज वाडा उभा राहिला. ज्या माणसाचे नाव परंपरेने या वाड्याशी जोडले जाते, त्याची हाडे ४ डिसेंबर १५८० रोजी गोव्यात थडग्यातून उकरून जाळण्यात आली. त्या दिवशी त्याला मरून बारा वर्षे झाली होती.

२/
त्याने खून केला नव्हता, राजद्रोहही केला नव्हता. तो पोर्तुगालच्या राजाच्या परिचयातला वैद्य होता, अहमदनगरच्या निजामशहाचा मित्र होता आणि भारतीय वनस्पतींवरील एका अजरामर ग्रंथाचा कर्ता होता. संपूर्ण मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. आरोप एकच होता: बाहेर तो ख्रिस्ती म्हणून वावरला आणि घरात ज्यू राहिला. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता. हा थ्रेड त्याच्याविषयी, त्याच्या बहिणीविषयी आणि बंद दाराआड जपलेल्या धर्माविषयी आहे.

३/
घरात लपवलेल्या उपासनेचा विषय निघाला की इतिहासप्रेमींना प्रथम इंग्लंड आठवते. राणी पहिल्या एलिझाबेथच्या काळात तेथे प्रोटेस्टंट चर्च हेच राज्याचे चर्च ठरले. १५५९ च्या कायद्याने दर रविवारी त्या चर्चमध्ये हजर राहणे सक्तीचे केले. गैरहजेरीला बारा पेन्सचा दंड होता. १५८१ मध्ये तो दंड महिन्याला वीस पौंड झाला, म्हणजे खात्यापित्या घराचेही कंबरडे मोडेल एवढा. १५८५ पासून इंग्लंडमध्ये कॅथलिक पाद्री म्हणून राहणे हाच राजद्रोह मानला जाऊ लागला.

४/
मग कॅथलिक उपासना गेली कुठे? ती खेड्यापाड्यांतील जमीनदारांच्या वाड्यांत गेली. माळ्यावर वेदी मांडायची, पहाटे मिस्सा करायची आणि शिपाई आले की पाद्र्याला भिंतीतल्या, जिन्याखालच्या किंवा धुराड्यामागच्या पोकळीत कोंडायचे. निकोलस ओवेन नावाचा सुतार असल्या जागा तयार करण्यात निष्णात होता. दिवसा तो उघडपणे घरातली साधी कामे करी आणि रात्री गुपचूप भिंत पोखरी. १६०६ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये छळामुळे त्याचा अंत झाला. आपण बांधलेल्या जागांविषयी त्याने तोंड उघडले नाही.

५/
असाच एक वाडा म्हणजे बर्कशायर परगण्यातील लायफर्ड ग्रेंज. १७ जुलै १५८१ रोजी तेथील चोरकप्प्यात एडमंड कँपियन हा जेझुइट पाद्री सापडला आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला त्याला देहान्त शासन झाले. ही तारीख लक्षात ठेवावी. कॅथलिक पाद्र्याला भिंतीतून ओढून काढले जाण्याच्या आठ महिन्यांहूनही कमी काळ आधी, गोव्यातील कॅथलिक न्यायासनाने ओर्ताची हाडे जाळली होती. एकाच पिढीत, एकाच चर्चची माणसे एका देशात लपत होती आणि दुसऱ्या देशात लपलेल्यांना शोधत होती.

६/
ओर्ताची कथा सुरू होते स्पेनमध्ये. १४९२ मध्ये तेथील राजाराणीने ज्यूंना हुकूम काढला: बाप्तिस्मा घ्या किंवा देश सोडा. ओर्ताचे आईवडील सरहद्द ओलांडून पोर्तुगालच्या कास्तेलो द व्हिदे या डोंगरी गावी आले. पाचच वर्षांत, १४९७ मध्ये, पोर्तुगालनेही सर्व ज्यूंचे सक्तीने धर्मांतर केले. अशा कुटुंबांना पुढे ‘नवख्रिस्ती’ म्हटले जाऊ लागले. नावात ख्रिस्ती असले तरी पिढ्यान् पिढ्या त्यांच्याकडे संशयानेच पाहिले गेले. याच कुटुंबात साधारण १५०१ च्या सुमारास गार्सियाचा जन्म झाला.

७/
सालामांका आणि अल्काला या स्पॅनिश विद्यापीठांत त्याने वैद्यकाचे शिक्षण घेतले, नंतर लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापन केले. तरी पायाखालची जमीन हलत होती. स्पेनमध्ये धर्मचौकशीचे न्यायासन, म्हणजे इन्क्विझिशन, कधीचेच कामाला लागले होते आणि पोर्तुगालमध्येही ते आणण्याच्या हालचाली चालू होत्या. मार्च १५३४ मध्ये मार्तिम अफोन्सो द सौझा याच्या ताफ्यात वैद्य म्हणून ओर्ता भारताकडे निघाला. दोनच वर्षांनी, १५३६ मध्ये, पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन स्थापन झाले. ओर्ता पुन्हा कधीही मायदेशी परतला नाही.

८/
तो गोव्यात पोहोचला त्याच वर्षी कोकणच्या इतिहासाला मोठे वळण लागले. डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्या ताब्यातील बेटे पोर्तुगिजांना दिली. त्यांत मुंबईची बेटेही होती. आज बदलापूर, सोनिवली, उल्हासनगर, कल्याण करीत वाहणारी उल्हास नदी जेथे समुद्राला मिळते, त्या खाडीच्या मुखावर पोर्तुगिजांचे उत्तरेकडील सत्ताकेंद्र उभे राहिले. देशावर निजामशाही, किनाऱ्यावर फिरंगी, अशी या भागाची विभागणी झाली. ओर्ता या दोन्ही बाजूंना वावरला.

९/
अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा त्याला उपचारांसाठी बोलावी. त्या दरबारात ओर्ताची गाठ मुसलमान हकिमांशी आणि हिंदू वैद्यांशी पडली. युरोपात ग्रीक वैद्य गेलन याचा शब्द अखेरचा मानला जाई. ओर्ताने मात्र येथील वैद्य कोणती मुळी कोणत्या रोगावर देतात हे डोळ्यांनी पाहिले आणि गेलनच्या शब्दापेक्षा पाहिलेल्याला अधिक वजन दिले. आपण स्पेनमध्ये असतो तर गेलनविरुद्ध ब्र काढण्याचे धाडस झाले नसते, अशा आशयाचे वाक्य त्याच्या ग्रंथात आहे. त्याच्या घराण्याचा इतिहास ठाऊक असलेल्याला हे वाक्य केवळ वैद्यकापुरते वाटत नाही.

१०/
सोळाव्या शतकाच्या मध्यास मुंबईचे बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळाले. मुंबई तेव्हा शहर नव्हती. नारळीच्या वाड्या, भातखाचरे, कोळीवाडे आणि भरतीला पाण्याखाली जाणारी खाजणे एवढेच तिचे वैभव होते. ओर्ताचे वास्तव्य मुख्यतः गोव्यात असे. बेटाची व्यवस्था सिमाओ तोस्कानो नावाचा कुळ पाही. बंदराकाठचा वाडा ही या जहागिरीची मुख्य वास्तू. पुढे याच वाड्याभोवती तटबंदी उभी राहिली आणि तिला ‘बॉम्बे कॅसल’ म्हणू लागले.

११/
या बेटाची आठवण ओर्ताने आपल्या ग्रंथात ठेवली आहे. आंब्यावरच्या प्रकरणात तोस्कानो मुंबईहून आंबे घेऊन गोव्याला येतो आणि गप्पा तेथून रंगतात. मुंबईतील आपले एक झाड वर्षातून दोनदा फळते, असे ओर्ता अभिमानाने सांगतो. हा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. छपाईयंत्र भारतात येऊन तेव्हा सातच वर्षे झाली होती. ‘भारतातील वनौषधींविषयीचे संवाद’ हा त्याचा विषय. पोर्तुगालचा महाकवी कामोइश याची पहिली छापील कवितादेखील याच पुस्तकात आहे.

१२/
मराठी वाचकाला या ग्रंथात ओळखीचे बरेच काही सापडते. हळद, फणस, सुपारी, भांग, धोतरा, अफू यांवर त्यात सविस्तर चर्चा आहे. पटकीच्या रोगाचे युरोपीय वैद्याने केलेले अगदी आरंभीचे वर्णन त्यात आहे आणि त्या रोगाला दिलेले ‘मोर्देशी’ हे नाव म्हणजे आपली ‘मोडशी’. घारापुरीच्या लेण्यांचेही वर्णन त्याने केले. १५६७ मध्ये क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने अँटवर्पहून या ग्रंथाचा लॅटिन सारांश प्रसिद्ध केला आणि कोकणातल्या झाडापाल्याची माहिती युरोपभर पोहोचली.

१३/
या ग्रंथाची रचना विलक्षण आहे. स्पेनहून नवाच आलेला रुआनो नावाचा वैद्य प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तरे देतो. रुआनो हे काल्पनिक पात्र आहे. तो जुन्या ग्रंथांचे दाखले देतो, तर ओर्ता अनुभवाचे. म्हणजे एकाच माणसाने स्वतःचे दोन भाग केले: एक सर्वमान्य तेच बोलणारा आणि दुसरा जे पाहिले ते सांगणारा. आयुष्यभर दोन नावांनी, दोन धर्मांत जगलेल्या घराण्यातील माणसाला ही मांडणी परकी नव्हती. जे तो वनस्पतींविषयी मोकळेपणाने बोलू शकत होता, ते देवाविषयी बोलण्याची सोय नव्हती.

१४/
देवाविषयी बोलण्याचा धोका गोव्याने फार लवकर पाहिला. १५४३ मध्ये जेरोनिमो दियाश या नवख्रिस्ती वैद्यावर पाखंडाचा ठपका ठेवून त्याला मृत्युदंड देण्यात आला. शेवटच्या क्षणी त्याने चर्चची क्षमा मागितली. म्हणून ‘दया’ दाखवून आधी गळा आवळला गेला आणि मग प्रेत जाळले गेले. गोव्यात इन्क्विझिशन अजून आलेही नव्हते. दियाश हा ओर्ताचा समव्यवसायी, त्याच शहरातला आणि त्याच समाजातला. हा धडा ओर्ताच्या घराला समजला नसेल असे मानता येत नाही.

१५/
त्यानंतर संकट थेट घरातच आले. १५४७ मध्ये लिस्बनच्या इन्क्विझिशनने ओर्ताची आई आणि बहिणी यांना गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या संशयावरून कैदेत टाकले. सुटका झाल्यावर १५४९ मध्ये त्या गोव्याला भावाकडे आल्या. युरोपातून सुटून समुद्रापलीकडे येणारे हे कुटुंब एकटे नव्हते. अनेक नवख्रिस्ती व्यापारी, वैद्य आणि त्यांची घरे गोवा व कोची येथे स्थिरावत होती. राजसत्तेचा हात येथवर पोहोचायला वेळ लागेल, एवढाच त्यांचा भरवसा होता.

१६/
घरात लपवलेला ज्यू धर्म दिसायचा कसा? इन्क्विझिशन जे जाहीरनामे काढी, त्यांत संशयाच्या खुणांची यादीच असे. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावणे, शनिवारी धुतलेले कपडे घालणे, त्या दिवशी काम न करणे, डुकराचे मांस आणि खवले नसलेले मासे टाळणे, ठरावीक दिवशी कडकडीत उपवास करणे, प्रेताला स्नान घालणे, मरताना भिंतीकडे तोंड वळवणे. या खुणा शेजाऱ्याला, नोकराला, गुलामाला सहज दिसत. म्हणून घरातला प्रत्येक डोळा संभाव्य साक्षीदार होता.

१७/
येथे इंग्लंडचा वाडा आणि गोव्यातले घर यांत महत्त्वाचा भेद आहे. इंग्लिश कॅथलिकांना मिस्सेसाठी पाद्री लागे, वेदी लागे, पात्रे लागत; म्हणून चोरकप्पे लागत. नवख्रिस्ती घरात ना धर्मगुरू होता, ना ग्रंथ, ना प्रार्थनामंदिर. मागे उरले होते ते एवढेच: काय खायचे नाही, कोणत्या दिवशी काम करायचे नाही, कोणत्या दिवशी उपाशी राहायचे. ही उपासना ताटात, कपड्यांच्या पेटीत आणि दिनदर्शिकेत लपली. साहजिकच तिची राखण बायकांकडे आली. ओर्ताच्या घरात आधी पकडल्या गेल्या त्या आई आणि बहिणी, हा योगायोग नव्हे.

१८/
या खुणांपैकी एक कोकणात वेगळ्याच रूपात भेटते. अलिबाग-पेण परिसरातील मराठी बोलणारे बेने इस्रायली तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. गावकऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ असे नाव दिले. शनिवारी काम थांबवणे ही त्या गावगाड्यात केवळ एका जातीची रीत ठरली; तिची चौकशी करावी असे कोणाला वाटले नाही. तीच रीत पोर्तुगीज अमलाखालील नवख्रिस्ती घरात पाळली तर तो पुरावा ठरे आणि पुराव्याची परिणती चितेत होऊ शके.

१९/
१५४६ च्या मे महिन्यात फ्रान्सिस झेवियरने पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून भारतात इन्क्विझिशनची मागणी केली होती. ती १५६० मध्ये पूर्ण झाली. न्यायासनासाठी आदिलशाहीच्या काळातील जुना महाल निवडण्यात आला. लोक त्याला ‘व्हडलें घर’, म्हणजे थोरले घर म्हणू लागले. त्या शहरात आता दोन प्रकारची घरे होती: ज्यांत लोक आपला धर्म लपवत होते ती लहानमोठी घरे, आणि त्या सर्वांची दारे उघडण्याचा अधिकार सांगणारे हे एक थोरले घर.

२०/
ज्या वर्षांत हे घडत होते, त्याच वर्षांत हिंदूंच्या देवळांवरही घाला आला. सुदैवाने नदीपलीकडचा फोंड्याचा प्रदेश तेव्हा आदिलशहाच्या अमलाखाली होता. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. देवाला पालखीऐवजी होडीतून जावे लागले. ज्यांना नदी ओलांडता आली नाही, त्यांचा देव घराच्या कोपऱ्यात, धान्याच्या कणगीमागे किंवा केवळ स्मरणात राहिला. पुढच्या काळात गोव्याच्या इन्क्विझिशनपुढे उभे राहिलेल्यांत बहुसंख्य होते ते असे स्थानिक लोक; ज्यूंचा वाटा घटत गेला.

२१/
ओर्ता १५६८ मध्ये मरण पावला. जिवंतपणी त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. राज्यपालांशी असलेली मैत्री, वैद्यकीय कीर्ती आणि प्रतिष्ठा हे त्याचे कवच होते. ते कवच मृत्यूबरोबर गळून पडले. त्याची बहीण कातारिना हिला अटक झाली. तिच्या नवऱ्याच्या जबानीत आले की मोशेचा धर्मच खरा, असे गार्सिया खासगीत म्हणत असे. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी कातारिनाला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. लिस्बनच्या तुरुंगातून सुटून अर्धे जग ओलांडून आलेली बाई अखेर त्याच न्यायासनाच्या हाती सापडली.

२२/
मेलेल्यावरही खटला चालू शकत असे, कारण दोषी ठरलेल्याची मालमत्ता जप्त होई आणि घराण्याला कायमचा कलंक लागे. अशा खटल्यातून ओर्ता दोषी ठरला. ४ डिसेंबर १५८० च्या जाहीर धर्मशिक्षेच्या समारंभात त्याची उकरलेली हाडे जाळली गेली. गंमत म्हणावी की शोकांतिका, त्याचा ग्रंथ मात्र त्याच वेळी युरोपातल्या कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वैद्यांच्या टेबलांवर सारख्याच आदराने वाचला जात होता. हळदीची माहिती पवित्र होती. ती सांगणारा अपवित्र ठरला.

२३/
आता या कथेत एक इंग्रज येतो. ओर्ताची हाडे जाळली गेली तेव्हा थॉमस स्टीफन्स या तरुण जेझुइटाला गोव्यात येऊन सुमारे तेरा महिने झाले होते. विल्टशायरमध्ये जन्मलेला स्टीफन्स हा इंग्लंडच्या त्याच लपलेल्या कॅथलिक जगाचा मुलगा. हॅम्पशायरमधील थॉमस पाउंड या श्रीमंत कॅथलिक गृहस्थाबरोबर तो त्याचा नोकर असल्याचे भासवून हिंडला. पाउंड पकडला गेला आणि त्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगांत गेली. स्टीफन्स रोमला निसटला आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्याला पोहोचला.

२४/
हेच मराठीचे लाडके फादर स्टीफन्स. गोव्याच्या साष्टी प्रांतात त्यांनी सुमारे चाळीस वर्षे घालवली, मराठी आणि कोंकणी आत्मसात केली आणि १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ छापले. दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथाने मराठी भाषेचा जो गौरव केला, तो मराठी माणूस आजही सांगतो. धर्मासाठी वेषांतर करून जगलेला हा माणूस अशा सत्तेच्या आश्रयाला आला, जी दुसऱ्यांना वेषांतर करून जगायला लावत होती. त्यांचे मराठीवरचे प्रेम खरे होते. ज्या भूमीवर ते बहरले तिच्यावरची राखही तितकीच खरी होती. इतिहासात या दोन गोष्टी एकत्र वाचाव्या लागतात.

२५/
इकडे मुंबईच्या वाड्याचे काय झाले? ऑक्टोबर १६२६ मध्ये इंग्रज आणि डच जहाजांनी मुंबईवर हल्ला करून वाड्याला आग लावली. त्या वेळच्या एका इंग्रज खलाशाच्या नोंदीनुसार, वखार, पाद्र्यांचा मठ आणि गढी असे तिन्ही त्या वास्तूत एकवटले होते. म्हणजे गुप्त ज्यू म्हणून जाळल्या गेलेल्या माणसाच्या वाड्यात पुढे उघडपणे ख्रिस्ती प्रार्थना चालत होती. १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्या कॅथरीनच्या विवाहात मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली.

२६/
१८ फेब्रुवारी १६६५ रोजी हम्फ्री कुक याने बेटाचा ताबा घेतला, तो याच वाड्यात. वाड्याची तेव्हाची मालकीण दोना इग्नेस द मिरांदा ही होती. तिला ‘बेटाची धनीण’ म्हणत. हस्तांतराच्या तहात एक कलम होते: बेटावरील रहिवाशांना रोमन कॅथलिक धर्म मोकळेपणाने पाळता येईल. म्हणजे प्रोटेस्टंट इंग्लंडच्या ध्वजाखाली मुंबईत मिस्सा उघड्या दाराने होत होती, आणि खुद्द इंग्लंडमध्ये कॅथलिकांना सार्वजनिक उपासनेचा कायदेशीर हक्क मिळण्यासाठी १७९१ साल उजाडावे लागले.

२७/
हे कलम काही उदार मनातून आले नव्हते. पोर्तुगालने सौद्याची अट म्हणून ते घालून घेतले होते. पण त्याचे महत्त्व पुढच्या इंग्रज अधिकाऱ्यांना उमगले. १६६८ मध्ये बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले आणि गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याने सर्व धर्मांच्या व्यापाऱ्यांना वसतीसाठी बोलावले. १६७७ मध्ये दीवच्या नीमा पारख या बनिया व्यापाऱ्याने मुंबईत येण्यापूर्वी हमी मागितली: आमच्या धर्माचारात ढवळाढवळ नको, प्रेतदहनाला आडकाठी नको. दीव तेव्हा पोर्तुगिजांकडे होते. त्याला ही हमी का मागावीशी वाटली, हे वरील इतिहासावरून कळते.

२८/
गोव्याचे इन्क्विझिशन १७७४ मध्ये बंद झाले, १७७८ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे संपले. त्याच्यापुढे आलेल्या खटल्यांची संख्या सोळा हजारांहून अधिक होती. त्यानंतर त्याच्या दप्तराचा मोठा भाग नष्ट करण्यात आला. ‘व्हडलें घर’ही आज उभे नाही. विसाव्या शतकात मराठीचे थोर संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी या न्यायासनाचा इतिहास इंग्रजीत ग्रंथरूपाने मांडला. १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाले त्याच वर्षी, तो प्रसिद्ध झाला. ज्यांचा देव कुठ्ठाळीहून नदीपलीकडे गेला त्या प्रियोळ गावाचे नाव आडनावात वागवणाऱ्या माणसाने हे काम करावे, यालाही एक अर्थ आहे.

२९/
या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. लपणारा आणि शोधणारा या भूमिका कोणत्याही एका धर्माच्या मालकीच्या नाहीत. लायफर्डच्या वाड्यात कॅथलिक लपला, गोव्यात कॅथलिक सत्तेपासून ज्यू लपला आणि साष्टीच्या खेड्यात हिंदूने देव लपवला. सत्ता बदलली की भूमिका बदलतात. बदलत नाही ती एक गोष्ट: राज्य जेव्हा माणसाच्या ताटातले अन्न आणि त्याच्या कपाटातले कपडे तपासू लागते, तेव्हा घर हे घर राहत नाही, साक्षीदारांनी भरलेले न्यायालय होते.

३०/
आणखी एक बाब अभ्यासकांनी ध्यानात ठेवावी. गुप्त उपासना करणारे स्वतः काही लिहून ठेवत नाहीत. लिहिणे म्हणजे पुरावा देणे. त्यामुळे त्यांच्याविषयी आपल्याला जे कळते, ते बहुतांशी त्यांना शिक्षा देणाऱ्यांच्या कागदांतून. कातारिनाचा शब्द आपल्यापर्यंत येतो तो तुरुंगात घेतलेल्या जबाबातून, म्हणजे भीतीच्या छायेत उच्चारलेला. असा कागद वाचताना कोण बोलत आहे याबरोबरच कोण लिहून घेत आहे, हेही पाहावे लागते.

३१/
पणजीच्या मुख्य चर्चसमोरच्या महापालिका उद्यानाला आज गार्सिया द ओर्ताचे नाव आहे. ज्या राज्यात त्याची हाडे जाळली, तेथे त्याच्या नावाने झाडे वाढत आहेत. वनस्पतींवर आयुष्य वेचलेल्या माणसाला याहून योग्य स्मारक नसावे. कातारिनाच्या नावाचे उद्यान नाही. पण पुढच्या खेपेस एशियाटिकच्या पायऱ्यांवर बसणे झाले, तर मागच्या भिंतीपलीकडच्या त्या जागेकडे पाहताना, दोनदा फळणाऱ्या आंब्याच्या मालकाबरोबर त्याच्या बहिणीचेही नाव घ्यावे.

थ्रेड समाप्त.
#मराठी_इतिहास #मुंबई #गोवा #फादर_स्टीफन्स